डिस्चार्ज बुकातला शेरा म्हणजे शेवटचा निकाल नव्हे

निराधार योजनेचा अर्ज भरायला मी जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात एका आजींच्या घरी गेले होते. वयाचा पुरावा शोधताना त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, त्यांच्या मालकांचे लष्कराचे डिस्चार्ज बुक निघाले. भरती १९७९, घरी परत १९९२. तेरा वर्षांची नोकरी. नोकरी का संपली या रकान्यात इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ, 'सेवेची यापुढे आवश्यकता नाही'.

आजींना इंग्रजी येत नाही. मालकांनाही जेमतेमच येत होते. गावाने मात्र त्या ओळीचे भाषांतर तीस वर्षांपूर्वीच करून टाकले होते, 'फौजेतून पळून आला'. मालक वारले. पेन्शन कधी लागलीच नाही. पोराच्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा हाच विषय निघाला. आजी मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मना माणूस पळीसन नही उना."

त्यांचे म्हणणे खरे होते. पळून आलेल्या सैनिकाच्या कागदावर वेगळे शब्द असतात. पण हे त्यांना आजवर कोणी समजावून सांगितले नव्हते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आपल्या समाजातील अनेक घरांत अशी पेटी आहे. आजोबा महार रेजिमेंटमध्ये, काका तोफखान्यात, मामा इंजिनिअर्समध्ये. कोणी पंधरा वर्षे पूर्ण करून सन्मानाने आले, कोणी अर्ध्यातच परतले. अर्ध्यात परतलेल्यांविषयी घरात बोलले जात नाही. म्हणून हा लेख. अमुक झाले की पेन्शन नक्की मिळेल असे आश्वासन यात नाही. कागदावरचा शेरा कधी बदलू शकतो, कधी बदलत नाही आणि त्यासाठी कोणाच्या दारात जायचे, एवढेच सांगायचे आहे.

शब्द नीट ओळखा

सैनिक घरी येतो त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे.

पहिला प्रकार, ठरलेली सेवा पूर्ण करून येणे. जवानाला सेवा पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची पात्र सेवा लागते.

दुसरा, वैद्यकीय कारणाने बाहेर काढणे. वैद्यकीय मंडळ तपासणी करते आणि जवान पुढील सेवेस अयोग्य असल्याचे ठरवते.

तिसरा, स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणे. घरची अडचण, आई-वडिलांचे आजारपण, शेतीचा वाद अशी कारणे यात असतात.

चौथा, प्रशासकीय डिस्चार्ज. आजींच्या पेटीतला कागद या प्रकारातला. यात लष्करी न्यायालयात खटला चाललेला नसतो. वारंवार शिक्षा झाल्या म्हणून किंवा जवान नकोसा झाला म्हणून लष्करी नियम १९५४ मधील नियम १३ खाली त्याला घरी पाठवतात.

पाचवा, सेवेतून दूर करणे आणि सहावा, बडतर्फी. बडतर्फी सर्वांत कडक. ती लष्करी न्यायालयाच्या शिक्षेमुळे होते किंवा लष्करी कायदा १९५० च्या कलम २० खाली वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आदेशाने होते. बडतर्फ जवानाची आधीची सारी सेवा पेन्शनच्या दृष्टीने सामान्यतः वाया जाते. अपवाद म्हणून पेन्शन देण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या नावाने सरकारकडे आहे, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही.

आता आजींकडे पुन्हा बघा. त्यांच्या मालकांचा कागद चौथ्या प्रकारचा. गावाने त्यांना सहाव्यात बसवले. घरच्यांनीही मान खाली घालून ते मान्य केले. म्हणून कार्यकर्त्याचे पहिले काम म्हणजे कागद वाचून दाखवणे.

याच संदर्भात एक तरतूद सर्वांना माहीत असायला हवी. लष्करी कायद्याच्या कलम २३ नुसार नोकरी संपलेल्या प्रत्येक जवानाला प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. कोणत्या अधिकाऱ्याने नोकरी संपवली, कारण काय आणि एकूण सेवा किती, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. ते जवानाच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत, अशा दोन्ही भाषांत द्यावे असे कायदाच सांगतो. मराठीत आपला कागद मागणे म्हणजे कोणाची मेहेरबानी मागणे नाही.

शेऱ्यावर काय काय अवलंबून असते

प्रश्न फक्त इज्जतीचा नाही. पेन्शन आणि पतीमागे पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन, पेन्शनधारकांसाठी २००३ पासून सुरू असलेली ईसीएचएस ही आरोग्य योजना, माजी सैनिकाचे ओळखपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदत योजना, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि सरकारी नोकरीतले माजी सैनिकांचे आरक्षण, हे सगळे त्या शेऱ्याशी बांधलेले आहे. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा असतात. पण गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेमुळे काढलेला जवान 'माजी सैनिक' या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे तेरा वर्षे सीमेवर उभा राहिलेला माणूस सरकारी कागदावर माजी सैनिक नसतो.

अमेरिकेत डिस्चार्जचा दर्जा वाढवून देणारी स्वतंत्र मंडळे आहेत. आपल्याकडे 'दर्जा वाढवा' असा एकच अर्ज नाही. शेऱ्यामागचा मूळ आदेशच बदलून घ्यावा लागतो. आदेश रद्द झाला किंवा त्यात दुरुस्ती झाली की शेरा आपोआप बदलतो. म्हणून प्रकरण कोणत्या प्रकारचे आहे यावर रस्ता ठरतो.

आजारपणामुळे घरी आलेले जवान

सर्वांत जास्त आशा याच प्रकारात आहे. अनेक जवानांना फिट येणे, मानसिक आजार, पाठीचे दुखणे किंवा ऐकू न येणे अशा कारणाने काढले गेले आणि 'आजाराचा सेवेशी संबंध नाही' असे लिहून अपंगत्व पेन्शन नाकारली गेली.

धरमवीर सिंग हे सिग्नल्समधले जवान. १९८५ ला भरती झाले, १९९४ ला फिट येण्याच्या आजारामुळे बाहेर काढले गेले. अपंगत्व २० टक्के, पण ते सेवेमुळे नाही असे मंडळाने म्हटले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे साधे आहे. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतले आणि तेव्हा त्या आजाराची नोंद केली नाही, तर जवान तेव्हा निरोगी होता असेच धरले जाईल. आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी लष्करावर आहे, जवानावर नाही. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. मंडळाने नुसता शेरा मारून भागत नाही, कारणे द्यावी लागतात.

त्याच दिवशी वीर पाल सिंग यांच्या प्रकरणाचाही निकाल लागला. ते १९७२ ला भरती झाले आणि १९७७ ला मानसिक आजाराच्या निदानावरून घरी पाठवले गेले. छत्तीस वर्षांनी न्यायालयाने त्यांची फेरतपासणी करायला सांगितले. पुढे २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या निकालात, अपंगत्वामुळे जवानाला नोकरीतूनच काढले असेल तर ते अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक मानावे, असे न्यायालयाने सांगितले. अपंगत्व पेन्शनसाठी २० टक्के ही किमान अट असल्याने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याच वर्षीच्या राम अवतार निकालानंतर टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा लाभ सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. २० टक्के असेल तर पेन्शन ५० टक्क्यांप्रमाणे.

एक सूचना. २१ सप्टेंबर २०२३ पासून याविषयीचे नवे नियम लागू झाले आहेत. त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्या जवानाचे प्रकरण नव्या नियमांनुसार तपासून घ्यावे, जुने निकाल जसेच्या तसे लावू नयेत.

मानसिक आजाराविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. आपल्या वस्त्यांत 'डोक्यावर परिणाम झाला म्हणून फौजेने हाकलले' असे म्हणून त्या माणसाला आयुष्यभर कोपऱ्यात बसवले जाते. त्याचे औषधपाणी होत नाही आणि पेन्शनचाही विचार होत नाही. हा आजार सेवेत असताना सुरू झाला असेल, तर तो लाजेचा नव्हे, हक्काचा विषय आहे.

चार लाल शेरे

लष्करात शिक्षा झाली की काही शिक्षांची नोंद लाल शाईने होते. अशा चार नोंदी झाल्या की जवानाला घरी पाठवता येते, असा समज युनिटमध्ये आणि गावात पक्का बसलेला आहे. रजेवरून दोन-चार दिवस उशिरा पोचणे, दारू, वरिष्ठांशी वाद, अशी कारणे या नोंदींमागे असतात.

वीरेंद्र कुमार दुबे यांना बारा वर्षांच्या सेवेनंतर चार लाल नोंदींच्या आधारे काढले गेले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो डिस्चार्ज रद्द केला. नुसता आकडा चार झाला एवढे कारण पुरेसे नाही. २८ डिसेंबर १९८८ च्या लष्कराच्या स्वतःच्या कार्यपद्धतीप्रमाणे आधी चौकशी झाली पाहिजे. नोंदी कशाच्या होत्या, जवानाने किती वर्षे आणि किती कठीण ठिकाणी सेवा केली, पेन्शनच्या किती जवळ आला आहे, हे सगळे पाहिले पाहिजे. पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत दुबे सेवेतच होते असे धरावे, असा आदेश न्यायालयाने दिला. मधल्या काळाचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनचा हक्क मिळाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये सतगुर सिंग यांच्या प्रकरणात लाल नोंदी सात होत्या. जवानाला बाजू मांडायची संधी मिळाली होती असे पाहून न्यायालयाने डिस्चार्ज कायम ठेवला. तेव्हा आपल्या माणसाची फाइल उघडताना एक प्रश्न नक्की विचारा, त्याला नोटीस मिळाली होती का आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकले होते का? सगळे प्रकरण त्या उत्तरावर फिरते.

जातीवरून छळ झाला असे कोणी सांगितले तर ते गांभीर्याने घ्या, पण अर्जात नुसते 'जातीमुळे' असे लिहून थांबू नका. कोणती तारीख, कोण काय म्हणाले, कोण हजर होते, तेव्हा घरी पाठवलेले पत्र आहे का, हे सारे गोळा करा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडेही तक्रार करता येते. मात्र त्या तक्रारीमुळे लष्करी न्यायाधिकरणाची मुदत थांबते असे समजू नये.

बडतर्फी आणि गैरहजेरी

धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरच्या चंदू चव्हाण या जवानाचे नाव खान्देशात सर्वांना माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१६ ला तो नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. बातमीच्या धक्क्याने त्याच्या आजीचा मृत्यू झाला. २१ जानेवारी २०१७ ला तो वाघा सीमेवरून परत आला. गावाने आनंद केला. पण त्यानंतर त्याला लष्करी न्यायालयाला सामोरे जावे लागले. २०१९ मध्ये छळ होत असल्याचा आरोप करून त्याने नोकरी सोडत असल्याचे जाहीर केले, लष्कराने ते आरोप नाकारले. कोण बरोबर हे ठरवणे या लेखाचे काम नाही. त्यातून आपण घ्यायचा धडा एवढाच, की गावातला सत्कार, टीव्हीवरची बातमी आणि लष्कराची फाइल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय फाइलवर होतो.

दुसरा धडा सध्या नोकरीत असलेल्या मुलांसाठी. कंपनीत राजीनामा देऊन घरी बसता येते, तसे लष्करात चालत नाही. डिस्चार्जचा आदेश हातात येईपर्यंत माणूस सैनिकच असतो. न सांगता घरी राहिला तर ती गैरहजेरी. तीस दिवस उलटले की चौकशी न्यायालय बसते आणि प्रकरण पळून जाण्याच्या आरोपापर्यंत जाते. मुलगा रजेवर येऊन 'आता जात नाही' म्हणू लागला, तर घरच्यांनी त्याला लपवू नये. कारण विचारावे. आजारी असेल तर जवळच्या लष्करी रुग्णालयात दाखल करावे आणि युनिटला लेखी कळवून त्याची पोच ठेवावी. तो एक कागद पुढे वीस वर्षांची लढाई वाचवतो.

लष्करी न्यायालयाने दिलेली बडतर्फीसुद्धा अटळ नसते. रणजित ठाकूर या सिग्नलमनला अन्न खाण्याचा हुकूम मोडला म्हणून एक वर्ष कैद आणि बडतर्फी अशी शिक्षा झाली होती. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने आधी तक्रार केली होती, तोच अधिकारी त्याच्या खटल्यात बसला होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्याय देणारा पक्षपाती नसावा आणि शिक्षा अपराधाच्या मानाने बेसुमार नसावी, ही दोन तत्त्वे या निकालाने लष्करी न्यायालयांनाही लागू केली.

कोणत्या दारात, कोणत्या क्रमाने

एक. घरातले सगळे कागद एकत्र करा. डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, जुनी पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, पदके, फोटो. प्रत्येकाच्या दोन प्रती काढा. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका.

दोन. रेकॉर्ड ऑफिस शोधा. महार रेजिमेंटचे सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. सैनिक क्रमांक देऊन सेवा पुस्तिका, डिस्चार्जचा आदेश, कारणे दाखवा नोटीस, चौकशीचे कागद आणि वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागा. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज इथे चालतो. उशीर करू नका. पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात. आजींच्या बाबतीत हाच पेच आहे. त्यांच्या पेटीतले पुस्तक हाच आता मुख्य पुरावा आहे.

तीन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी ते आहे. तिथून अर्ज पुढे पाठवता येतो आणि त्याची नोंद राहते. शेरा बदलण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही, त्यामुळे तिथेच चकरा मारत वर्षे घालवू नका.

चार. लष्कराकडे लेखी दाद मागा. वैद्यकीय प्रकरणात अपंगत्व पेन्शन नाकारल्याविरुद्ध अपील करता येते. प्रशासकीय डिस्चार्ज असेल तर लष्करप्रमुखांकडे निवेदन करावे. लष्करी न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध कलम १६४ खाली अर्ज करता येतो. सगळे स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

पाच. सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ पासून काम करू लागले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबईत खंडपीठ आहे. पेन्शन, डिस्चार्ज आणि बडतर्फीची प्रकरणे इथे चालतात, लष्करी न्यायालयाच्या निकालावरचे अपीलही इथेच. आधी लष्कराकडे दाद मागितलेली असावी लागते. लष्कराचे अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत यायचे. सहा महिने वाट पाहूनही उत्तर आले नाही, तरी इथे येता येते. उशीर झाला असेल तर त्याचे कारण पटवून द्यावे लागते.

सहा. न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मधली काही वर्षे हा रस्ता जवळजवळ बंद झाला होता. २१ मार्च २०२३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मोकळा केला. गरीब जवानाला दिल्लीपेक्षा मुंबई किंवा औरंगाबाद खंडपीठ परवडते, हे सांगायला नको.

उशिराविषयी एक फरक लक्षात ठेवा. अपंगत्व पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. म्हणून वीस-तीस वर्षांनीही मागणी करता येते, फक्त थकबाकी सामान्यतः अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालाने हे स्पष्ट केले. डिस्चार्जचा किंवा बडतर्फीचा आदेश मात्र एकदाच झालेली घटना असते. तिथे जुने प्रकरण उघडणे फार कठीण. आजींना मी हे खोटे गोड करून सांगितले नाही. मालकांना नोटीस मिळाली होती का, हा मुद्दा घेऊन आम्ही निवेदन पाठवले आहे. निकाल काय लागेल तो लागो, पण 'पळून आला' हा शब्द कागदात कुठेही नाही, हे त्यांच्या मुलाने गावात चार लोकांसमोर वाचून दाखवले. त्या दिवशी आजी ओट्यावर येऊन बसल्या होत्या.

वकिलाचा खर्च

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या बांधवांनाही केंद्रात ही मान्यता आहे. जातीचे प्रमाणपत्र सोबत ठेवा. विधवा असेल तर स्त्री म्हणून तिचा हक्क आहेच. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या. 'पेन्शन काढून देतो, थकबाकीतले निम्मे द्या' म्हणणारे दलाल गावोगावी फिरतात. त्यांना कोरा कागद, अंगठा किंवा बँकेचे पासबुक देऊ नका.

अर्ज करणे ही आपली जुनी परंपरा आहे

१८९० च्या दशकात इंग्रज सरकारने 'लढाऊ जाती'चे धोरण आणून महारांची लष्करातली भरती बंद केली. पिढ्यान्पिढ्या सैन्यात असलेल्या समाजाला एका फटक्यात नालायक ठरवले गेले. हा एका जवानाचा नव्हे, संपूर्ण समाजाचा डिस्चार्ज होता. त्याविरुद्ध निवृत्त लष्करी कर्मचारी गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरसेनापतींना उद्देशून अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात १९१७ ला महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी सुभेदार रामजींच्या मुलाने, बाबासाहेबांनी, सतत पाठपुरावा केला होता.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा इतिहासही असाच आहे. १९०६ मध्ये ब्राउन्सव्हिल येथील गोळीबाराचा ठपका ठेवून १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना खटला न चालवताच सैन्यातून काढले गेले. १९७२ मध्ये सरकारने त्यांचा डिस्चार्ज सन्मानाचा केला. ६६ वर्षांनी. तोवर बहुतेक सारे मरण पावले होते. उशिरा मिळालेला न्याय कोणाच्या कामी येतो, हा प्रश्न तिथेही उरलाच. म्हणून पेटी आज उघडायची.

कार्यकर्त्यांसाठी एक प्रस्ताव

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले होते. ते जिथे थांबले तो ट्रॅव्हलर्स बंगला आज संदेशभूमी म्हणून ओळखला जातो. दरवर्षी तिथे आपण अभिवादनाला जमतो. ते धुळ्यात आले ते वकील म्हणून, हातात कागद घेऊन. ते लक्षात ठेवले तर अभिवादनाला अर्थ राहील.

वर्षावासात दर रविवारी विहारात लोक जमतात. त्यातला एक रविवार जवानांच्या कागदांसाठी ठेवा. इंग्रजी वाचणारे दोन तरुण, एक वकील, एक झेरॉक्स करून देणारा आणि नोंदवही एवढे पुरे. नोंदवहीत सैनिक क्रमांक, भरती व डिस्चार्जची तारीख, कारणाचे नेमके शब्द आणि घरात कोण हयात आहे, हे लिहा. ज्यांचे प्रकरण पुढे जाऊ शकते त्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी भरा. ज्यांचे जाऊ शकत नाही, त्यांना तसे स्पष्ट सांगा. त्यांचा कागद तरी मराठीत वाचून दाखवा.

अग्निवीर म्हणून भरती झालेल्या मुलांच्या घरीही जा. त्यांची सेवा चार वर्षांची आहे, पेन्शन नाही आणि सेवेमुळे अपंगत्व आले तर मिळणारी रक्कम वैद्यकीय नोंदीवरच ठरते. प्रत्येक दुखापतीचा कागद त्याच वेळी घ्यायचा, ही सवय त्यांना आत्ताच लागली पाहिजे.

आजींची पेटी आता तळाशी नाही. ते पुस्तक त्यांनी कपाटात, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवले आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.